कोठीची खोली वेगळीच बरी!

‘ताई, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावा लागेल. आत काही महत्त्वाचं आहे का?’

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचा हा प्रश्न आता आपल्याकडे कुकरची रिंग बदलण्याइतका नेहमीचा झालाय. आणि त्यावर आपण बायका जे उत्तर देतो, तेही ठरलेलंच! ‘थांबा हं, यांना विचारून सांगते,’ नाहीतर ‘मुलाला फोन लावते, त्यालाच माहीत.’ खरं तर घरात मेथीदाण्याचा डबा कुठला, सासऱ्यांच्या पेन्शनचा कागद कुठल्या फायलीत, धाकटीचा जन्मदाखला कुठल्या पिशवीत, हे आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. मग त्याच घरातल्या कॉम्प्युटरमध्ये आपलं काय, कुठे ठेवलंय, हे दुसऱ्याला का विचारावं लागावं?

मी कला शाखेची पदवीधर. घर सांभाळून बचतगटांचं आणि महिला मंडळाचं काम करते. कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं, हे मला कुठल्या कॉलेजात कोणी शिकवलेलं नाही. पण गटांचे हिशेब वहीतून कॉम्प्युटरवर आले, तशी ज्याला येतं त्याच्याकडून एकेक गोष्ट समजून घेत गेले. त्यातली एक आज तुम्हाला सांगायची आहे. यंत्राचं सामान एका खोलीत आणि आपलं सामान दुसऱ्या खोलीत, एवढी एक शिस्त पाळली तर ‘फॉरमॅट’ या शब्दाची निम्मी भीती जाते. या वेगळ्या खोल्या करण्यालाच म्हणतात हार्डडिस्कचं पार्टिशन.

हे आताच सांगायला कारण आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला नेहमीचा आधार देणं थांबवलं. वाढीव मुदतीसाठी ज्यांनी वेगळी नोंदणी केली ते सोडले, तर बाकीच्यांना सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. कॉम्प्युटर त्या दिवशी बंद पडला नाही, पण दाराची कडी मोडली तर बसवून देणारा सुतार येईनासा झाला, असं समजा. याआधी विंडोज एक्सपीचं हेच ८ एप्रिल २०१४ रोजी झालं, विंडोज ७ चं १४ जानेवारी २०२० रोजी. पुढेही होतच राहणार. शिवाय विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि बऱ्याच जुन्या यंत्रांत ती नसते. म्हणून कोणी नवं यंत्र घेतंय, कोणी जुन्यावरच लिनक्स टाकून घेतंय. काहीही केलं तरी कोणीतरी तुमच्या हार्डडिस्कला हात लावणारच. त्या वेळी आत तुमचं काय आहे, हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

दोन घरं, दोन गोष्टी

आमच्या ओळखीचा एक गट आहे. बारा जणी, दर महिन्याला बैठक, आणि पैशाला पैसा जोडून उभी केलेली बचत. सचिव असलेल्या ताई हुशार. तीन वर्षांचे कर्जाचे हप्ते त्यांनी एक्सेलमध्ये नीट मांडलेले होते. फाइल डेस्कटॉपवर, रोज उघडायला सोपी म्हणून. एके दिवशी लॅपटॉप सुरूच होईना. दुकानात दिला. दुकानदाराने विचारलं, ‘डी मध्ये काही आहे का?’ सोबत गेलेल्या मुलाने सांगितलं, ‘नाही काका, डी रिकामाच आहे.’ मुलगा खोटं बोलला नव्हता. डी खरंच रिकामा होता! संध्याकाळी लॅपटॉप चकाचक होऊन घरी आला आणि तीन वर्षांचे हिशेब पुसले गेले.

मग बारा जणींची पासबुकं गोळा केली, इतिवृत्ताच्या वह्या काढल्या आणि एकेक हप्ता पुन्हा मांडला. दोघींच्या आकड्यांत थोडा फरक निघाला. रक्कम काही फार नव्हती. पण गट पैशावर चालत नाही हो, विश्वासावर चालतो. ‘तू खाल्लेस’ असं कोणी तोंडावर म्हटलं नाही. तरी पुढच्या बैठकांना कोणी नीट हसून बोललं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी गोष्ट पंचवटीतल्या एका वहिनींची. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी गेले. नातवाला पाढे शिकवताना त्यांचा आवाज मुलाने रेकॉर्ड करून ठेवला होता. मध्येच नातू चुकतो, आजोबा हसतात, पुन्हा ‘बे एके बे’. वहिनींसाठी ते सोन्याहून मोलाचं. त्या कॉम्प्युटरचं विंडोज त्यानंतर दोनदा नव्याने टाकावं लागलं. दोन्ही वेळा तो आवाज जसाच्या तसा राहिला. कारण यजमानांनी पूर्वीच डी ड्राइव्हमध्ये ‘घर’ नावाचं फोल्डर करून ठेवलं होतं आणि बायकोला एवढंच सांगून ठेवलं होतं, ‘आपलं जे काही आहे ते डी मध्ये.’ पार्टिशन म्हणजे काय हे वहिनींना ठाऊक नव्हतं. पण दुकानात त्या ठामपणे म्हणू शकल्या, ‘सीचं काय करायचं ते करा, डीला हात लावू नका.’

दोन्ही घरांत यंत्र सारखंच बिघडलं. फरक पडला तो सामान कुठे होतं, याने.

सी आणि डी म्हणजे काय?

आपल्या जुन्या नाशकातले वाडे आठवा. ओसरी, माजघर, स्वयंपाकघर आणि धान्याची कोठीची खोली. स्वयंपाकघराला चुना द्यायचा, चूल मोडून नवी घालायची, तर कोठीतल्या गव्हाला कोणी हात लावत नाही. मधे भिंत आहे ना! पण एकाच खोलीत चूलही आणि गव्हाची पोतीही असतील, तर चूल बदलायच्या दिवशी पोती कुठे हलवायची, हा घोर.

हार्डडिस्क ही अशीच एक मोठी जागा. ती नवी असते तेव्हा नुसता उघडा दालनासारखा प्रकार. तिच्यात भिंती घालून खोल्या पाडायच्या. या भिंती विटांच्या नसतात, हिशेबाच्या असतात. अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत ही खोली, तिथून पुढे ती, अशी नोंद डिस्कच्या एका कोपऱ्यात लिहिलेली असते. विंडोज टाकताना त्यातली एकच खोली पुसून पुन्हा लावता येते आणि शेजारची तशीच राहते.

आता नाव सी का? ए आणि बी गेले कुठे? १९८१ मध्ये आयबीएम कंपनीचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यात हार्डडिस्क नव्हतीच. सगळं फ्लॉपीवर. ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपींना दिलेली. १९८३ च्या एक्सटी नावाच्या मॉडेलमध्ये १० एमबीची हार्डडिस्क आली आणि तिला पुढचं अक्षर मिळालं, सी. १० एमबी म्हणजे आजच्या मोबाइलचे जेमतेम दोन-तीन फोटो! फ्लॉपी कधीच गेल्या, पण अक्षर राहिलं. चौकातला वड पडला तरी थांब्याचं नाव ‘वडाचा थांबा’च राहतं, तसं.

आणखी एक शंका मला नेहमी विचारली जाते. ‘५०० जीबीचा म्हणून घेतला, आणि आत ४६५ च दिसतात. फसवलं का हो?’ नाही, कोणी फसवलेलं नाही. बनवणारी कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. माल तेवढाच, माप वेगळं. वाण्याच्या जुन्या शेराची आणि किलोची गंमत आपल्या आज्यांनी अनुभवलीच होती की!

डेस्कटॉप म्हणजे ओटा

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गटाच्या त्या ताईंचा डी रिकामा का होता? कारण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स ही सगळी फोल्डर्स विंडोज आपणहून सी मध्येच उघडतं. पडद्यावर डेस्कटॉप समोर दिसतो म्हणून तो वेगळा काहीतरी वाटतो. पण तो स्वयंपाकघरातल्या ओट्यासारखा आहे. हाताशी असतो, सोयीचा असतो, आणि स्वयंपाकघर धुवायला काढलं की सगळ्यात आधी त्याच्यावरचं उचललं जातं. नुसती डी नावाची खोली असून उपयोग नाही. सामान तिथे नेऊन ठेवलं तरच ती कोठी!

ते नेणं सोपं आहे. डी मध्ये ‘घर’, ‘गट’, ‘मुलं’, ‘फोटो’ अशी मराठीत नावं देऊन फोल्डर्स करा. मग सी मधल्या डॉक्युमेंट्स फोल्डरवर उजवं बटण दाबा, प्रॉपर्टीज उघडा, त्यातल्या लोकेशन या पानावर जा, मूव्ह म्हणा आणि डी मधलं एखादं रिकामं फोल्डर दाखवा. जुन्या फाइल्स हलवू का, असं यंत्र विचारेल, हो म्हणा. पिक्चर्ससाठी दुसरं रिकामं फोल्डर, तसंच डेस्कटॉपसाठीही वेगळं. नुसती डी दाखवू नका आणि दोघांना एकच फोल्डर देऊ नका, नाहीतर सरमिसळ होते. एकदा हे केलं की तुम्ही नेहमीसारखं डॉक्युमेंट्समध्ये ठेवलं तरी सामान आपोआप कोठीत जातं. काही नव्या यंत्रांत डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेले असतात. तिथे आधी जाणकाराला विचारा.

क्रोमसारख्या ब्राउझरमध्येही डाउनलोड कुठे साठवायचं ते सेटिंगमध्ये सांगता येतं. वीजबिलं, सातबारा, आधारची पीडीएफ, हे सगळं आपण तिथूनच उतरवून घेतो. घरी टॅलीवर दुकानाचे हिशेब असतील तर कंपनीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये साठतोय ते बघून ठेवा. बऱ्याचदा तो सी मध्येच असतो आणि कोणाच्या ध्यानीमनी नसतो.

भिंत घालायची कशी?

काही यंत्रांत एकच सी असतो, डी नसतोच. हल्लीचे बरेच लॅपटॉप तसेच येतात. अशा वेळी विंडोजच्या आतच भिंत घालायची सोय असते, बाहेरचं काही विकत घ्यावं लागत नाही. ‘धिस पीसी’वर उजवं बटण दाबायचं, मॅनेज म्हणायचं, डिस्क मॅनेजमेंट उघडायचं. तिथे हार्डडिस्क आडव्या पट्टीसारखी दिसते, मोजपट्टीवर खुणा कराव्यात तशी. सीच्या पट्टीवर उजवं बटण दाबून श्रिंक व्हॉल्यूम म्हटलं की जास्तीत जास्त किती जागा काढता येईल, ते यंत्रच सांगतं. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो, म्हणून जीबीला १०२४ ने गुणायचं. २०० जीबी हवे असतील तर २,०४,८०० लिहायचे. मग काळ्या पट्टीची मोकळी जागा दिसते. तिच्यावर न्यू सिंपल व्हॉल्यूम म्हटलं, अक्षर दिलं, प्रकार एनटीएफएस ठेवला की झाली खोली तयार.

कोणाला किती जागा द्यायची? विंडोज ११ ला कंपनी किमान ६४ जीबी जागा सांगते. पण किमान म्हणजे जेमतेम. प्रोग्रॅम वाढतात, विंडोजच्या दुरुस्त्या येतात, सी फुगत जातो. माझ्या मते ५०० जीबीची डिस्क असेल तर सीला १५० तरी ठेवावेत. हात आखडू नका, कारण एकदा भिंत घातली की सीला पुन्हा जागा वाढवून देणं किचकट असतं. त्यासाठी शेजारची डी आधी रिकामी करून मोडावी लागते. आणि खोल्याही उगाच फार पाडू नका. चार-पाच ड्राइव्ह केले की एक भरून वाहतो, दुसरा मोकळा पडतो आणि आपल्याला काहीच सापडत नाही. सी आणि डी, दोन पुरेत.

हे करण्याआधीची पथ्यं मात्र पाळायचीच. पहिलं, महत्त्वाच्या फाइल्स दुसऱ्या एखाद्या डिस्कवर उतरवून घ्या. भिंत घालताना सहसा काही बिघडत नाही, पण ‘सहसा’वर गटाचे हिशेब सोपवू नयेत. दुसरं, लॅपटॉप असेल तर चार्जर लावून ठेवा, मोठा कॉम्प्युटर असेल तर यूपीएस हवा. आपल्याकडे वीज केव्हा जाईल, ते देवालाच ठाऊक! तिसरं, पट्टीत दोन-तीन लहान, बिननावाच्या खोल्या दिसतील. यंत्र सुरू करायला आणि बिघडल्यावर सावरायला त्या लागतात. अडगळ समजून त्या पुसू नका. चौथं, नव्या यंत्रांत बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन नावाचं कुलूप आपोआप लागलेलं असू शकतं. त्याची किल्ली म्हणजे ४८ आकडी संख्या. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात बघायला मिळते. दुकानात यंत्र देण्याआधी ती वहीत उतरवून ठेवा. किल्ली हरवली तर आतलं सामान दुकानदारालाही मिळत नाही आणि तुम्हालाही.

आणि लिनक्स टाकायचं म्हणणाऱ्यांसाठी एक. तिथे सी-डी ही अक्षरं नसतात. यंत्राचं सामान ‘रूट’ खाली आणि माणसाचं सामान ‘होम’ खाली ठेवायची पद्धत आहे. होम म्हणजे घरच! टाकताना होमची खोली वेगळी करून घेतली, तर पुढे नवीन लिनक्स आलं तरी घर जागेवर राहतं. पण हे आपोआप होतंच असं नाही, टाकणाऱ्याला आधी सांगावं लागतं.

मराठी अक्षरांचा घोळ

आता खास आपल्या भाषेची एक अडचण. फाइल डी मध्ये सुखरूप आहे, फॉरमॅट झाला, फाइल उघडली आणि मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं! महिला मंडळाच्या जुन्या अहवालांच्या बाबतीत हे मी पाहिलंय. कारण असं, की पूर्वी आपण श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये टाइप करायचो. त्यात आतून अक्षरं वेगळीच असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. आणि फॉन्ट राहतात कुठे? सी मध्ये! खोली धुतली, फॉन्ट गेले. फाइल आहे, पण वाचणारा चष्मा हरवला.

उपाय दोन. जुने फॉन्ट आणि त्यांची सॉफ्टवेअर्स यांची एक प्रत डी मध्ये वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. आणि दुसरा, कायमचा उपाय म्हणजे युनिकोड. विंडोज २००० पासून मंगल हा युनिकोड फॉन्ट विंडोजसोबतच येऊ लागला. युनिकोडमध्ये लिहिलेलं मराठी कुठल्याही नव्या यंत्रावर, मोबाइलवरसुद्धा मराठीच दिसतं. जुने महत्त्वाचे मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. एखाद्या सुट्टीत कॉलेजातल्या मुलांना बसवलं तर होऊन जाईल.

भिंत म्हणजे छप्पर नव्हे

इतकं वाचून कोणी म्हणेल, ‘चला, डी केला, आता निर्धास्त!’ थांबा. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन पोटं आहेत. विंडोज बिघडलं, व्हायरसमुळे सी धुवावा लागला, नवी आवृत्ती टाकली, अशा वेळी डी वाचतो. पण डिस्कच मेली, लॅपटॉप चोरीला गेला, पडला, भिजला, तर दोन्ही एकदमच जातात. व्हायरसही काही वेळा भिंत ओलांडतो.

नाशिककरांना हे वेगळं समजवायला नको. २ ऑगस्ट २०१६ ला गोदामाई कोपली होती. दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, सराफ बाजारात, भांडी बाजारात पाणी शिरलं. तळमजल्यावरच्या दुकानात मधे भिंत आहे की नाही, हे पुराचं पाणी विचारत नाही. त्यासाठी माल वरच्या मजल्यावरच हवा, नाहीतर दुसऱ्या गल्लीत.

तेव्हा दुसरी प्रत हवीच. छायाचित्रकारांच्या जगात पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. आपल्या भाषेत सांगायचं तर, एक कॉम्प्युटरच्या डी मध्ये, एक वेगळ्या हार्डडिस्कवर कपाटात, आणि एक माहेरी! किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. गूगलच्या खात्यात १५ जीबी फुकट मिळतात. गटाचे हिशेब आणि घरचे कागद त्यात सहज बसतात. पण एक ध्यानात ठेवा, आपोआप जुळवून घेणारी साठवण असेल तर इथे पुसलेलं तिथेही पुसलं जातं. म्हणून कपाटातली प्रत सोडू नका. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, जन्माची ठेव म्हणून नको.

पार्टिशनचा फायदा इथेही होतो बरं का. आपलं सगळं एका खोलीत असेल तर प्रत घेणं म्हणजे ती एक खोली उतरवून घेणं. सामान घरभर विखुरलेलं असलं की काय घेतलं, काय राहिलं, हे आठवत बसावं लागतं.

भिंत म्हणजे कुलूपही नव्हे, हेही सांगते. समुपदेशनाला येणाऱ्या काही जणींना आपले कागद, लग्नाचा दाखला, बँकेचे उतारे, तक्रारीची प्रत, घरातल्यांच्या नजरेपासून दूर ठेवायचे असतात. वेगळ्या ड्राइव्हमध्ये ठेवलं म्हणजे ते लपत नाही. त्या यंत्रावर बसणाऱ्या कोणालाही डी उघडता येतो. अशा कागदांची जागा वेगळी. स्वतःचा पासवर्ड असलेलं स्वतःचं खातं, आणि एक प्रत विश्वासाच्या माणसाकडे.

दुकानात काय सांगायचं?

दुरुस्तीची मुलं वाईट नसतात, त्यांना घाई असते. विंडोज टाकताना पडद्यावर सगळ्या खोल्यांची यादी येते. तिथे घाईत सगळ्या पुसून एकच मोठी खोली केली तर डी सुद्धा गेला. म्हणून यंत्र हातात देतानाच सांगा, ‘फक्त सी फॉरमॅट करा. डीला हात लावू नका. आधी सी मधला डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स उतरवून मला दाखवा, मगच पुढे जा.’ आणि हे पावतीवर लिहून घ्या. लाजू नका. सोनाराकडे पाटल्या मोडायला दिल्या तर वजन लिहून घेतोच ना आपण?

आणि चुकून काही गेलंच, तर रडत बसू नका आणि यंत्र वापरतही बसू नका. लगेच बंद करा. जुन्या, फिरत्या तबकडीच्या डिस्कमध्ये झटपट फॉरमॅट झाला तर आतलं लगेच पुसलं जात नाही. वर नवं लिहिलं जाईपर्यंत बरंच परत काढता येतं. नव्या एसएसडी डिस्कमध्ये मात्र ही आशा फार कमी असते. म्हणून तर प्रत हवी!

रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांकडच्या नामावळ्या तुम्ही पाहिल्या असतील. आपले पणजोबा कधी आले, सोबत कोण होतं, हे त्या वह्यांमधून वाचून दाखवतात. घरं बदलली, कपाटं बदलली, शाईसुद्धा बदलली, पण वही पुढच्या पिढीच्या हातात गेली, कारण वही कुठे आहे हे घरातल्या माणसांना ठाऊक होतं. विंडोज हे कपाट आहे. ते दर काही वर्षांनी बदलणारच, आणि बाजारात पुन्हा मिळणारही. गटाचा हिशेब, नातवाचे पाढे, मुलीची गुणपत्रिका ही वही आहे. ती बाजारात मिळत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंत कॉम्प्युटर उघडा. डेस्कटॉपवर काय काय पडलंय त्याची एक यादी करा. यंत्राचं कुठलं, आपलं कुठलं, ते पेन्सिलीने वेगळं करा. आपलं ते उद्या कोठीत हलवा, आणि ते कुठे ठेवलंय हे घरातल्या आणखी एका माणसाला सांगून ठेवा. पुढच्या वेळी दुकानातला मुलगा विचारेल, ‘आत काही महत्त्वाचं आहे का?’ तेव्हा कोणाला फोन लावायची गरज पडायला नको.